पोकर हँडची तुलना करणारा प्रोग्रॅम चुकीचा विजेता सांगतोय? लक्षणं आणि क्रमाने तपासण्या

पाच पत्त्यांचे दोन हँड घ्यायचे आणि कोण जिंकलं ते सांगायचं. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रश्न कधी ना कधी येतो. कुणाला कॉलेजच्या असाइनमेंटमध्ये, कुणाला मुलाखतीत, तर कुणाला प्रोजेक्ट ऑयलर या कोड्यांच्या संकेतस्थळावरच्या ५४व्या कोड्यात, जिथे १००० ओळींच्या फाइलमधून पहिला खेळाडू किती वेळा जिंकला ते मोजायचं असतं. ज्युनियर मंडळींचे असे प्रोग्रॅम माझ्याकडे सतत येतात आणि बिघाड बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी सापडतो. गंमत म्हणजे 'हा फुल हाऊस (तीन सारखे पत्ते आणि एक जोडी) आहे का' हे ओळखणारा भाग, ज्यावर सगळ्यांचा संशय असतो, तो सहसा ठीक असतो. बिघाड असतो पत्ते वाचताना किंवा एकाच प्रकारचे दोन हँड समोर आल्यावर.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय घडतंय ते आधी ठरवा. नुसतं 'उत्तर चुकतंय' एवढ्यावरून शोध सुरू करू नका.

- एकूण उत्तर जवळपास बरोबर, पण थोड्या संख्येने चुकतं.
- राणी राजाला हरवते आणि दश्शी दोघांनाही. एक्का मात्र गुलामापुढेही हरतो.
- दुसऱ्या खेळाडूला फ्लश (पाचही पत्ते एकाच रंगाचे, म्हणजे सगळे इस्पिक किंवा सगळे बदाम असे) कधीच लागत नाही, पहिल्याला लागतो.
- तेच पाच पत्ते वेगळ्या क्रमाने दिले की निकाल बदलतो.
- एक्का-दुर्री-तिर्री-चौका-पंजा हा हँड एकतर स्ट्रेट (सलग किमतींचे पाच पत्ते) मानलाच जात नाही, नाहीतर सगळ्यांत मोठा स्ट्रेट ठरतो.
- बरोबरी यायला हवी तिथे कुणीतरी जिंकतं, किंवा उगाच बरोबरी दिसते. (ऑयलरच्या कोड्यात प्रत्येक डावाला स्पष्ट विजेता आहे. तिथे एकदाही बरोबरी दिसली तर बिघाड आहेच.)
- पाच पत्त्यांवर सगळं सुरळीत, पण टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारातले सात पत्ते (दोन हातातले, पाच टेबलावरचे) दिले की गडबड.
- जावामध्ये यादी लावताना तुलनेची पद्धत करार मोडते अशा अर्थाची एरर येते, तीही अधूनमधून.

पहिली तपासणी: पत्ते नीट वाचले जातायत का?

पाच मिनिटांचं काम आहे, म्हणून हेच आधी. प्रोग्रॅमने वाचलेला प्रत्येक पत्ता 'किंमत आणि रंग' असा वेगळा छापून बघा. किंमत आकड्यात हवी: २ ते १०, गुलाम ११, राणी १२, राजा १३, एक्का १४.

किंमत अक्षरातच ठेवून तुलना केली असेल तर संगणक अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर चालतो. त्या क्रमात अंक आधी येतात, मग ए, जे, के, क्यू आणि शेवटी टी. म्हणजे नव्वीच्या वर एक्का, त्यावर गुलाम, मग राजा, मग राणी आणि सगळ्यांच्या डोक्यावर टी, म्हणजे दश्शी. वरचं दुसरं लक्षण इथूनच येतं. दश्शी टीऐवजी '१०' अशी लिहिलेली असेल तर आणखी एक भानगड होते. पहिलं अक्षर किंमत आणि दुसरं रंग असं गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे दश्शीची किंमत १ आणि रंग '०' होतो.

जावास्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी आकडे करूनही गाफील राहू नये. तिथली सॉर्टची पद्धत काही न सांगता वापरली तर आकड्यांनाही अक्षरं समजते आणि १०, ९, २ ही यादी १०, २, ९ अशी लावून देते. तुलना कशी करायची ते तिला सांगावंच लागतं.

दुसऱ्या खेळाडूचा फ्लश हरवतो तो ओळीच्या शेवटी. फाइलमधल्या प्रत्येक ओळीतला दहावा पत्ता दुसऱ्या खेळाडूचा असतो आणि ओळ संपल्याचं अदृश्य चिन्ह त्याला चिकटून येतं. 'पहिल्या अक्षरानंतरचं सगळं म्हणजे रंग' असं लिहिलं असेल तर त्या एका पत्त्याचा रंग 'इस्पिक अधिक काहीतरी' असा होतो आणि बाकी चार इस्पिकांशी तो कधीच जुळत नाही. ओळ वाचल्याबरोबर दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटली की प्रश्न मिटतो.

दुसरी तपासणी: नियम कागदावर आहेत का?

यालाही पैसा लागत नाही, तरी बहुतेक जण हे टाळतात. प्रमाण पोकरमध्ये रंगांना क्रम नाही. इस्पिकचा फ्लश आणि बदामचा फ्लश सारख्याच पत्त्यांचे असतील तर बरोबरीच. 'इस्पिक मोठं' ही सवय आपण दुसऱ्या खेळांतून आणतो आणि नकळत कोडमध्ये घालतो. एक्का स्ट्रेटच्या वरच्या टोकाला चालतो, खालच्याही टोकाला चालतो, मध्ये चालत नाही: राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री हा स्ट्रेट नाही.

आपल्याकडे दिवाळीत तीन पत्ती खेळून मोठे झालेले लोक इथे हमखास अडखळतात, कारण तिथे सिक्वेन्स (सलग पत्ते) हा कलरच्या (एकाच रंगाचे पत्ते) वर आहे, आणि पोकरमध्ये मात्र स्ट्रेट हा फ्लशच्या खाली आहे. दोन्हींमागे हिशेब एकच आहे, दुर्मीळ ते वर. ५२ पत्त्यांतून तीन काढण्याचे २२,१०० प्रकार होतात. त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून सिक्वेन्स भारी. पाच पत्त्यांत हे उलटतं. (तीन पत्तीत याला एक अपवाद आहे. ट्रेल (तीन सारखे) ५२ प्रकारांनी होते आणि प्युअर सिक्वेन्स (एकाच रंगाचे सलग पत्ते) ४८च प्रकारांनी, तरी मान ट्रेलला. तिथे हिशेबापेक्षा रूढी चालते.) शिवाय ३६ पत्त्यांच्या शॉर्ट डेकमध्ये फ्लश फुल हाऊसला हरवतो. तुम्ही कुठला खेळ लिहिताय ते फाइलच्या वरच्या ओळीत लिहून ठेवा. नाहीतर बरोबर चालणारा प्रोग्रॅम चुकीच्या नियमांनी 'दुरुस्त' केला जातो.

तिसरी तपासणी: प्रकार कुठल्या क्रमाने तपासता?

'जोडी आहे का' हे 'फुल हाऊस आहे का'च्या आधी विचारलं तर प्रत्येक फुल हाऊस जोडी म्हणूनच बाहेर पडतो. वरून खाली या: स्ट्रेट फ्लश (एकाच वेळी स्ट्रेटही आणि फ्लशही), चार सारखे, फुल हाऊस, फ्लश, स्ट्रेट, तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी, काहीच नाही. रॉयल फ्लशला वेगळा कप्पा लागत नाही, तो एक्क्यापर्यंतचा स्ट्रेट फ्लशच आहे.

स्ट्रेटसाठी 'सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान बरोबर ४' एवढंच तपासलं असेल तर ५, ५, ६, ७, ९ हा हँडही स्ट्रेट ठरतो. पाचही किमती वेगळ्या आहेत ही अट सोबत हवी. एक्का ते पंजा हा हँड वेगळा ओळखावा लागतो, आणि ओळखल्यावर त्याची उंची ५ धरावी लागते. हा दुसरा भाग लोक विसरतात. स्ट्रेट ओळखतात, पण तुलनेला १४ देतात, मग सगळ्यांत लहान स्ट्रेट सगळ्यांत मोठ्याच्या बरोबरीला जाऊन बसतो.

चौथी तपासणी: एकाच प्रकारचे दोन हँड

इथे थांबून नीट बघा. माझ्याकडे आलेल्या प्रोग्रॅमांत सर्वांत जास्त बिघाड इथेच सापडतात.

समजा एकाकडे दुर्रीची जोडी आणि एक्का, नव्वी, पंजा. दुसऱ्याकडे तिर्रीची जोडी आणि ६, ५, ४. दोघांच्याही जोड्या आहेत म्हटल्यावर प्रोग्रॅम पत्ते उतरत्या क्रमाने लावतो आणि पहिल्यापासून ताडून बघतो. एक्का सहाच्या वर, म्हणून पहिला विजयी. चूक! आधी जोडी बघायची: तिर्री दुर्रीच्या वर. एक्क्याची वेळच येत नाही. फुल हाऊसचंही तसंच: तीन दुर्र्या आणि दोन एक्के हा हँड तीन तिर्र्या आणि दोन चौक्यांपुढे हरतो.

उपाय एका वाक्यात असा: पत्ते आधी किती वेळा आले त्यावर लावा, मग किमतीवर. तिर्रीच्या जोडीचा हँड (३, ६, ५, ४) असा होतो, दुर्रीचा (२, १४, ९, ५). आता डावीकडून तुलना केली की उत्तर बरोबर येतं. हीच गोष्ट प्रकार ओळखायलाही पुरते. आवृत्त्या, म्हणजे कुठली किंमत किती वेळा आली ते, उतरत्या क्रमाने लिहा: चार सारखे (४, १), फुल हाऊस (३, २), तीन सारखे (३, १, १), दोन जोड्या (२, २, १), जोडी (२, १, १, १). या याद्या डावीकडून ताडल्या की हँडचा क्रम आपोआप मिळतो. फक्त स्ट्रेट आणि फ्लश या दोघांना (३, १, १) आणि (३, २) यांच्या मधे जागा करून द्यायची आणि स्ट्रेट फ्लशला सगळ्यांच्या वर बसवायचं. मला हा मार्ग मनापासून आवडतो, कारण त्यात 'जर-नाहीतर'च्या शिडीला जागाच उरत नाही.

पायथॉनवाल्यांसाठी एक खास सापळा. काउंटर या मोजणीच्या तयार सोयीला 'सर्वांत जास्त वेळा आलेले' विचारलं की तो आवृत्तीप्रमाणे लावतो, पण आवृत्ती सारखी असेल तर किंमत बघत नाही. जो आधी भेटला तो आधी. त्यामुळे ४, ४, गुलाम, गुलाम, ९ या क्रमाने पत्ते दिले तर यादी (४, ११, ९) होते, आणि गुलाम आधी दिले तर (११, ४, ९). समोर गुलामांची जोडी, तिर्रीची जोडी आणि एक्का असेल तर पहिल्या यादीने तुम्ही हरता, दुसरीने जिंकता. (जिंकायलाच हवं, कारण मोठी जोडी सारखी आणि लहान जोडीत चौका तिर्रीच्या वर.) क्रम बदलला की निकाल बदलतो हे लक्षण इथलं. दोन्ही निकषांवर स्वतः सॉर्ट करा, काउंटरच्या क्रमावर विसंबू नका.

दुसरा सापळा गुणांचा. यादीऐवजी एकच आकडा हवा म्हणून लोक किमतींना १०००, १००, १०, १ ने गुणून बेरीज करतात. किंमत १४ पर्यंत जाते हे त्यात राहून जातं. नव्वीची जोडी आणि एक्का, ५, ३ यांचे होतात ९,००० + १,४०० + ५० + ३ = १०,४५३. दश्शीची जोडी आणि ४, ३, २ यांचे १०,००० + ४०० + ३० + २ = १०,४३२. नव्वीने दश्शीला हरवलं! पाया किमान १५ हवा. १६ धरला तर प्रत्येक किमतीला चार बिट पुरतात, आणि प्रकार अधिक पाच किमती मिळून २४ बिटांत सगळं बसतं.

जावाची ती एरर आली असेल तर तुलनेचं फंक्शन बरोबरीला शून्य देतं का ते बघा. 'मोठा असेल तर १, नाहीतर उणे १' असं लिहिलं असेल तर दोन समान हँडपैकी प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा लहान ठरतो आणि सॉर्ट कधीतरी ते पकडतो. प्रत्येक हँडची किल्ली (प्रकार आणि वर सांगितलेल्या क्रमाने लावलेल्या किमती) एकदाच काढून फक्त किल्ल्यांची तुलना केली तर हा प्रकार उद्भवतच नाही.

पाचवी तपासणी: सगळेच हँड मोजा

हाताने लिहिलेली दहा-वीस उदाहरणं पास झाली म्हणजे झालं असं नाही. पाच पत्त्यांचे एकूण हँड २५,९८,९६० आहेत. आजच्या साध्या लॅपटॉपलाही एवढं झेपतं, तेव्हा सगळे चालवा आणि प्रत्येक प्रकारात किती पडले ते मोजा. यायला हवं ते असं:

स्ट्रेट फ्लश ४० (रॉयल धरून)
चार सारखे ६२४
फुल हाऊस ३,७४४
फ्लश ५,१०८
स्ट्रेट १०,२००
तीन सारखे ५४,९१२
दोन जोड्या १,२३,५५२
एक जोडी १०,९८,२४०
काहीच नाही १३,०२,५४०

या तपासणीचा खरा उपयोग आकडा चुकल्यावर होतो, कारण चुकीचा आकडाच बिघाडाची जागा सांगतो. स्ट्रेट ९,१८० आले तर एक्का-ते-पंजा हुकला. १३,२६० आले तर राजा-एक्का-दुर्री असे वळसे घेणारे हँडही स्ट्रेटमध्ये शिरलेत. फ्लश ५,१४८ किंवा स्ट्रेट १०,२४० आले तर स्ट्रेट फ्लश तिकडे पडले, म्हणजे क्रम चुकला. तीन सारखे ५८,६५६ आणि फुल हाऊस शून्य, हेही क्रमाचंच दुखणं. स्ट्रेट फ्लश ३६ आले तर घाबरण्याआधी बघा, तुम्ही रॉयलचे ४ वेगळे मोजलेत का. तसं नसेल तर पुन्हा तोच एक्का-ते-पंजा.

प्रकार जुळले तरी किकरचा, म्हणजे जोडी वगैरेच्या बाहेर उरलेल्या सुट्या पत्त्याचा, बिघाड लपू शकतो. त्याला बाहेर काढायला एक आकडा आहे: ७,४६२. सगळ्या २५,९८,९६० हँडच्या किल्ल्या एका संचात टाका आणि वेगवेगळ्या किती निघतात ते बघा. बरोबर ७,४६२ निघायला हव्यात. कमी निघाल्या तर कुठेतरी किकर गळतोय किंवा दोन वेगळ्या हँडना एकच गुण मिळतायत. जास्त निघाल्या तर रंग किंवा पत्त्यांचा मूळ क्रम किल्लीत घुसलाय. त्याच्या जोडीला काही हँडचे पत्ते सगळ्या १२० क्रमांनी फिरवून किल्ली तीच राहते का तेही बघून घ्या.

सहावी तपासणी: सात पत्ते

सात पत्त्यांसाठी वेगळे नियम लिहायला बसू नका. सातातून पाचांचे २१ गट होतात. प्रत्येकाची किल्ली काढा, सर्वांत मोठी घ्या. हळू असलं तरी बरोबर आहे.

वेगळं लिहिलेलं असेलच तर तीन हँड देऊन बघा. टेबलावर दोन एक्के, दोन राजे आणि राणी, हातात दोन पंजे: उत्तर एक्के-राजे आणि किकर राणी, पंजांची जोडी वाया. टेबलावर दोन राजे, दोन अठ्ठ्या आणि एक्का, एकाकडे राणी-गुलाम, दुसऱ्याकडे दश्शी-नव्वी, फ्लश कुणाचाच नाही: दोघांचे सर्वोत्तम पाच पत्ते टेबलावरचेच, म्हणून बरोबरी. राणीला जिंकवणारा प्रोग्रॅम सहावा पत्ता मोजतोय. तिसरा हँड बदामचे ५, ६, ७, ८ आणि राजा, सोबत इस्पिकची नव्वी आणि किलवरची दुर्री: यात फ्लशही आहे आणि स्ट्रेटही, पण स्ट्रेट फ्लश नाही.

मोजणीच करायची असेल तर सात पत्त्यांचे १३,३७,८४,५६० हँड आहेत आणि त्यात स्ट्रेट फ्लश ४१,५८४. पायथॉनमध्ये याला बराच वेळ लागेल, रात्री लावून ठेवा. ओमाहा हा पोकरचा दुसरा प्रकार असेल तर हातातल्या चारांपैकी नेमके दोन आणि टेबलावरच्या पाचांपैकी नेमके तीन पत्ते घ्यायचे असतात, म्हणजे ६० गट. होल्डेमचा कोड तिथे चालत नाही.

वेगाची चिंता यानंतर. कॅक्टस केव्ह नावाने ओळखली जाणारी जुनी पद्धत वाचण्यासारखी आहे. दुर्रीला २, तिर्रीला ३, चौक्याला ५ अशा एक्क्याला ४१ पर्यंत मूळ संख्या द्यायच्या आणि गुणाकार करायचा. क्रम कसाही असला तरी गुणाकार तोच येतो, आणि सर्वांत मोठा गुणाकार (चार एक्के, एक राजा) १०,४५,५३,१५७ एवढाच, म्हणजे ३२ बिटांत मावतो. पण वरचे आकडे जुळल्याशिवाय तिकडे वळू नका. हळू आणि बरोबर चालणारा कोडच पुढे वेगवान कोड तपासायला लागतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

पाच पत्त्यांचा तक्ता जुळला, ७,४६२ जुळले आणि तरी खेळात निकाल चुकतोय, तर तुलनेच्या कोडला हात लावू नका. बिघाड पत्ते वाटण्यात, पॉटच्या (डावात जमलेल्या पैशांच्या) हिशेबात किंवा एकाच वेळी चालणाऱ्या दोन टेबलांचा डेटा एकमेकांत मिसळण्यात असणार. शेवटची शक्यता वाटत असेल, म्हणजे एकट्याने चालवलं की बरोबर आणि गर्दीत चुकीचं, तर अनुभवी बॅकएंड माणसाला बसवा. तो बिघाड प्रिंट टाकून सापडत नाही, उलट प्रिंट टाकल्यावर गायब होतो.

पत्ते पिसण्याचा कोड लोकांसमोर जाणार असेल तर तो स्वतःच्या भरवशावर सोडू नका. ५२ पत्त्यांचे क्रम सुमारे ८ च्या पुढे ६७ शून्यं इतके आहेत, आणि ३२ बिटांच्या बीजावर (सुरुवातीला दिलेल्या आकड्यावर) चालणारं साधं रँडम त्यातले जेमतेम ४२९ कोटीच देऊ शकतं. कुठला क्रम आला हे मोजक्या पत्त्यांवरून ओळखता येतं. हे काम सुरक्षेच्या जाणकाराचं आहे.

आणि कुणी 'यात खरे पैसे लावायचेत' म्हणालं तर कोड बाजूला ठेवून आधी वकिलाकडे जा. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, आणि कौशल्याचा खेळ की नशिबाचा असा फरक तो करत नाही.

ज्याला कुणाला बोलवाल त्याच्या हातात तीन गोष्टी द्या: निकाल चुकलेला एक डाव, त्यातल्या सगळ्या पत्त्यांसकट, तुमच्या मते बरोबर निकाल आणि तो कुठल्या नियमाने, आणि पाचव्या तपासणीतला तुमचा तक्ता, आकडे आले तसेच, न सुधारता.